गौरम्माच्या कॅलेंडरावरची फुली

तिसरी भाकरी तव्यावर होती आणि परातीत अजून तीन भाकरींचं पीठ मळायचं राहिलं होतं, तेवढ्यात जिन्याखालून घरमालकीण गौरम्माचा आवाज आला, "सिंधु, खाली ये. तुझे वडील आलेत."

सिंधूला आनंदच झाला. दिवाळीहून येऊन दहा दिवसही झाले नव्हते. वडील आले म्हणजे घाईत राहिलेलं ज्वारीचं पोतं घेऊन आले असतील, असं तिला वाटलं. पिठाचे हात तसेच घेऊन ती भराभरा जिना उतरली. खाली अंगणात तिचा बाप सटवाजी उभा होता आणि शेजारी चुलता. पोतं नव्हतं. बापानं तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही. आधी पोटाकडं पाहिलं.

ही पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या नांदेडची गोष्ट. सिंधु तेव्हा पंधरा वर्षांची, दहावीत. गाव भोकरच्या पुढं, कच्च्या रस्त्यानं आत. गावात शाळा सातवीपर्यंत. पोरीचं गणितात डोकं चालतं, तिला पुढं शिकव, असं मास्तरांनी वर्षभर मागं लागून सांगितलं, तेव्हा कुठं सटवाजीनं तिला नांदेडच्या मुलींच्या शाळेत घातलं. गाडीपुऱ्यात गौरम्माच्या घराच्या माडीवर पत्र्याची एक खोली होती. तिथं तिघी मुली राहायच्या. सगळ्यांत मोठी लता, कंधारच्या एका शिक्षकांची मुलगी, अकरावीत. मधली सिंधु. धाकटी मंजुश्री, नववीत.

त्या मुलींना नांदेड म्हणजे केवढं शहर वाटायचं ते आता सांगून खरं वाटणार नाही. संध्याकाळी रस्त्यावर दिवे लागले की तिघी पत्र्याच्या खोलीच्या दारात उभ्या राहून नुसते दिवे बघायच्या. रविवारी डोकं न्हाऊन केस उन्हात वाळवायचे, एकीनं दुसरीच्या वेण्या घालायच्या. तिघींत मिळून एकच चांगली ओढणी होती. ती कुणी कधी घ्यायची यावरून भांडण, आणि भांडणानंतर एकाच ताटात जेवण. कधी गोदावरीच्या घाटावर जायचं ते तिघींनी हात धरून, आणि देवघरात दिवा लागायच्या आत परत. सिंधूला पुढं बारावी करून मास्तरीण व्हायचं होतं. झोपायच्या आधी ती अंथरुणात मंजुश्रीला गणितं घालायची, आणि मंजुश्री उत्तर द्यायच्या आधीच झोपून जायची.

गौरम्मा देगलूरकडची. मुली तिला अम्मा म्हणायच्या. नवरा धान्याच्या मोंढ्यात मुनीम होता आणि घरात त्याचा आवाज फारसा ऐकू यायचा नाही. अम्माचं सोवळं कडक. गल्लीत तिला मोठा मान होता. घरातला नळ खाली, देवघराला लागून. म्हणून तिनं नियम घातला होता. जिला महिन्याची अडचण आली, तिनं चार दिवस पुढचा जिना उतरायचा नाही. पाणी बाकीच्या दोघींनी वर नेऊन द्यायचं. शाळेला जायचं तर मागच्या बोळातल्या लोखंडी जिन्यानं जायचं. आणि चुकून कुणाकडून काही होऊ नये म्हणून जिन्याच्या तोंडाशी एक कॅलेंडर टांगलेलं असायचं, त्याला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली. जिची अडचण सुरू झाली तिनं त्या तारखेवर फुली मारायची आणि शेजारी आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहायचं. सिं, ल, मं. दूधवाला, मुनीमजी, येणारा-जाणारा, सगळ्यांना ती फुली दिसायची. पहिली फुली मारताना सिंधूला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या वर्षी तिची सवय झाली.

त्या साली भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. मराठवाड्यात महालक्ष्म्यांचा थाट काय असतो ते इथल्या बायकांना सांगायला नको. जेवणाच्या दिवशी अम्माकडं चाळीस पान. पहाटे चारला तिघी मुलींना अंघोळ घालून ओलेत्यानं कामाला बसवलं होतं. सिंधु पाट्यावर पुरण वाटत होती, लता तिच्या शेजारी सोळा भाज्या निवडत होती. पुरण निम्मंअर्धं वाटून झालं आणि सिंधूला कळलं, की आपली अडचण सुरू झाली. अजून चार दिवस अवकाश होता, पण आली. हातातला वरवंटा तसाच थांबला. तिनं हळूच लताला सांगितलं.

लतानं आधी चुलीकडं पाहिलं, मग अम्माकडं. डाळ शिजलेली, कणीक तिंबलेली, सगळ्याला सिंधूचा हात लागलेला. आता सांगितलं तर सगळं गाईला घालायचं, चाळीस माणसं उपाशी उठवायची, आणि संध्याकाळच्या आत तिघींच्या पेट्या रस्त्यावर.

"गप बस," लता म्हणाली. "वाट ते. आणि कॅलेंडरावर फुली मारू नको, नाहीतर तारीख बघून ती हिशोब लावेल."

सिंधु गप बसली. तिनं पुरण वाटलं, महालक्ष्म्या जेवल्या, चाळीस माणसं जेवली, सगळ्यांनी पुरणाची वाहवा केली. महालक्ष्मी मायनं त्या नैवेद्यावरून तोंड फिरवल्याचं कुणी पाहिलं नाही. पण सिंधूनं रात्री हात जोडून इतकी क्षमा मागितली, की मंजुश्रीनं विचारलं, तू रडून का राहिलीस.

पुढच्या महिन्याची अडचण दसऱ्याला आली, पण तेव्हा ती गावी होती. चार दिवस आईनं तिला गोठ्याजवळच्या खोलीत बसवलं. गावात कॅलेंडर नव्हतं. परत येऊन मागची फुली मारायची असा काही नियमही नव्हता. मग दिवाळीची सुट्टी. या वेळी अडचण लांबली, आठ दिवस वर झाले. पंधराव्या वर्षी होतं असं, कधी लवकर, कधी उशिरा. घरून आणलेल्या करंज्या शिळ्या झाल्या होत्या. त्या खाऊन सिंधूला दोन दिवस उलट्या झाल्या. वरच्या मोरीतला आवाज अम्मानं खाली ऐकला. ती उठली आणि कॅलेंडराची पानं मागं उलटत गेली. कार्तिकात सिं नाही. आश्विनात नाही. भाद्रपदात नाही. शेवटची फुली श्रावणातली.

अम्मानं सिंधूला वर जाऊन काही विचारलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. तिनं विचारलं नाही. बंद पाकीटही घेतलं नाही. तिनं साधं पोस्टकार्ड घेतलं आणि त्यावर मुनीमजीकडून लिहून घेतलं, "चि. सिंधु हिला श्रावणापासून अडचण आलेली नाही. उलट्या होतात. आमचे घर देवाचे आहे. ताबडतोब येऊन घेऊन जावे."

सटवाजीला अक्षर येत नव्हतं. गावात कार्ड आलं की पोस्टमनच वाचून दाखवायचा. तो पाराजवळ आला तेव्हा तिथं सात-आठ माणसं बसली होती. दुसऱ्या वाक्याला त्यानं आवाज खाली आणला, पण पारावरच्या माणसांच्या कानांना तेवढा पुरला. सटवाजी घरी गेलाच नाही. भावाला घेऊन तसाच रस्त्याला लागला. घरी गेला असता तर बायको म्हणाली असती, अहो, दसऱ्याला चार दिवस पोर बाजूला बसली होती, मीच तिला भाकरी वाढली. पण घरी जायला त्याला तोंड नव्हतं.

आणि आता तो अंगणात उभा होता.

अम्मानं कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं आणि पान न पान उलटून दाखवलं. मी माझ्या मनचं सांगून नाही राहिले, ती म्हणाली. सटवाजीला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, तरी त्यानं प्रत्येक पान पाहिलं.

"हे खरं हाय का?" त्यानं विचारलं.

"न्हाई बाबा," सिंधु म्हणाली. "भादव्यात आली होती. दसऱ्याला घरी आली होती, आईला इचारा."

आईला विचारायला आई सत्तर किलोमीटरवर. चुलता म्हणाला, आया पोरींचं झाकतातच.

"भादव्यात आली होती तर फुली का न्हाई?"

सिंधूनं वर पाहिलं. लता जिन्याच्या चौथ्या पायरीवर कठडा धरून उभी होती, तिच्या मागं मंजुश्री. सांगावं तरी मरण, न सांगावं तरी मरण. सिंधूनं सांगितलं. "महालक्ष्म्याच्या दिशी आली. पहाटं. मी पुरण वाटत होते."

अम्मा मटकन ओट्यावर बसली. तिच्या ओठांची नुसती हालचाल चालली होती. त्या दिवशी कोण कोण जेवून गेलं ते ती आठवत असावी. मग ती उठून जिन्यापाशी गेली आणि लताला विचारलं, "तू हिच्या मांडीला मांडी लावून बसली होतीस. तुला ठाऊक होतं?"

लता सोळा वर्षांची होती. बापाची शिक्षकी, कंधारात चार लोकांत नाव, आणि आत्ता हो म्हटलं की सिंधूच्या पेटीशेजारी तिचीही पेटी. तिनं कठडा सोडला नाही.

"मला काही ठाऊक नाही, अम्मा," ती म्हणाली. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण घाबरलेलं माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतं. "एका खोलीत राहतो आम्ही. भादव्यात मला तर काही दिसलं नाही."

झालं. एका खोलीत राहणाऱ्या मुलीला दिसलं नाही म्हणजे आलीच नव्हती. अम्मानं हात झटकले. "पोट झाकायला पोरगी माझ्या महालक्ष्म्यांचं नाव घेऊन राहिली," ती म्हणाली.

"लताताई," सिंधूनं एकदाच हाक मारली. लता पाठ फिरवून खोलीत गेली. वर भाकरी करपल्याचा वास सुटला होता.

सिंधूला पेटी भरायला वर जाऊ दिलं नाही. मंजुश्रीनं ती खाली आणून दिली, पुस्तकं तिच्या हातात मावली नाहीत म्हणून वरच राहिली. तिघं बोळाच्या तोंडापर्यंत गेले तेव्हा मागं अम्मा जिन्यावर गोमूत्र शिंपडत होती.

भोकरच्या बसमध्ये, नांदेड सोडून तासही झाला नव्हता, तेव्हा सिंधूची अडचण सुरू झाली. बाप पुढच्या बाकावर, चुलता शेजारी. सांगायचं कुणाला? ती पेटी मांडीवर दाबून बसून राहिली. घरी पोचल्यावर आईनं कपड्यांकडं पाहिलं आणि तिला पोटाशी धरून ती ढसाढसा रडली. देवानं लाज राखली म्हणाली. लगेच जाऊन नवऱ्याला सांगितलं, पोर निर्मळ हाय, डोळ्यांनी बघा हवं तर.

"मला पटलं," सटवाजी म्हणाला. "पण कारड पारावर वाचलं गेलं. आता हे काय गावाला घरोघर सांगत फिरू?"

बोर्डाचा फॉर्म भरून झाला होता. मार्चमध्ये शाळेत तिचा नंबर लिहिलेला बाक मांडला गेला आणि सगळे पेपर होईपर्यंत रिकामा राहिला. तोवर सिंधूचं लग्न होऊन तीन महिने झाले होते. कार्डाची गोष्ट पोचणार नाही एवढं लांब स्थळ पाहायचं होतं, म्हणून लातूरकडं रेणापूरचा रामलिंग पाहिला. वय बत्तीस, पहिली बायको वारलेली. पत्रिका छापली नाही. मांडवात सिंधूला कुणी काही विचारलं नाही आणि तिनंही मान वर केली नाही.

रेणापूरला सासू पहिले नऊ महिने बोटांवर मोजत राहिली. का मोजते ते सिंधूला तेव्हा कळलं नाही. सासूची खोडच असेल असं तिला वाटलं. घाईनं उरकलेल्या लग्नाचा सासूला संशय होता. नऊ महिने उलटले तेव्हा मोजणं थांबलं. पहिली मुलगी दोन वर्षांनी झाली. पण गोष्ट काही थांबत नसते. पाचव्या-सहाव्या वर्षी भोकरकडचा कुणी सोयरा जेवायला आला आणि बोलता बोलता रामलिंगाला सगळं सांगून गेला. रामलिंगानं तिला मारलं नाही. शिवी दिली नाही. त्यानं ते मनात ठेवलं आणि थोरली मुलगी सातवी पास झाली तेव्हा बाहेर काढलं. मुलगी पहिल्या नंबरानं पास झाली होती आणि लातूरला मावळणीकडं, बापाच्या बहिणीकडं, राहून शिकते म्हणत होती. रामलिंग अंगणात तंबाखू मळत बसला होता.

"शहरात शिकाया गेलेल्या पोरीचं काय होतं," तो मुलीला म्हणाला, "ते तुझ्या आईला इचार."

मुलीनं आईकडं पाहिलं. सिंधूनं तोंड उघडलं आणि मिटलं. मुलीचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. ती आजही माहेरी आली तर बापाच्या फोटोला हात जोडते आणि आईशी कामापुरतं बोलते.

रामलिंग गेल्यावर मुलगा भुजंग लातूरला डाळ मिलमध्ये लागला. सून शिल्पा कष्टाची. सिंधूही त्यांच्याबरोबर लातूरला आली. भाड्याचं घर ट्यूशन एरियाच्या मागं होतं. सगळ्या जिल्ह्यांतून मुली डॉक्टर व्हायला लातूरला येतात, खोल्या करून राहतात, त्यांना जेवायला लागतं. सासू-सुनेनं घरातच मेस सुरू केली. चौदा मुली दोन वेळा जेवायला यायच्या आणि सिंधूला मावशी म्हणायच्या. साठीला आली तरी ती त्यांच्या वह्यांत डोकवायची. अंक ओळखीचे वाटायचे, बाकी काही कळायचं नाही.

यंदा जूनमध्ये नांदेडहून एक निवृत्त शिक्षिका आपल्या नातीला, मृण्मयीला, अकरावीला घालायला आल्या. मेसचं जेवण कसं आहे ते स्वतः खाऊन बघते म्हणाल्या आणि मुलींच्या पंगतीत बसल्या. केस पांढरे, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, बोलायची सवय. गोष्ट गाडीपुऱ्यातल्या खोलीवर आली तेव्हा सिंधु वरण वाढत होती.

"आमच्या वेळी कॅलेंडरावर फुली मारायला लावायची घरमालकीण," बाई सांगत होत्या, आणि मुली शी म्हणून हसल्या. "तेव्हा आमच्यात एक सिंधु होती. खेड्यातली. हुशार होती हो, पण पाय घसरला. बाप येऊन घेऊन गेला. म्हणून सांगते, नजर पुस्तकात ठेवा."

"मग बाळाचं काय झालं, आजी?" एकीनं विचारलं.

"कोण जाणे. टाकलं असेल कुठल्या विहिरीत."

वरणाचं भांडं सिंधूनं खाली ठेवलं. पंचेचाळीस वर्षांत तिनं हे कुणाला मोठ्यानं सांगितलं नव्हतं. बोलायला लागली तेव्हा आवाज तिचा तिलाच नवा वाटला.

"बाळ नव्हतंच," ती म्हणाली. "ती सिंधु मी. लताताई, महालक्ष्म्याच्या दिवशी पहाटं तुम्ही मला काय म्हणाला होतात, तेवढं या पोरींना सांगा. मला दुसरं काही नको."

मुलींचे हात ताटात थांबले. लताबाई उठल्या, हात धुतले आणि सिंधूचं मनगट धरून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. दार लोटलं. त्यांचे डोळे भरले होते.

"आठवतं मला," त्या हळूच म्हणाल्या. "सगळं आठवतं. मीच गप बस म्हणाले होते. दर वर्षी महालक्ष्म्यांना मी पुरणाला हात लावत नाही, घरात कुणाला कारण ठाऊक नाही."

"मग बाहेर चला. एवढंच सांगा."

"नात बसलीये माझी तिथं, सिंधु. तिच्यासमोर कसं सांगू? साठी झाली आपली. आता कुणाला काय फरक पडतो?"

"मला पडतो."

लताबाईंनी पदर नीट केला, चष्मा पुसला. सिंधु वाट पाहत उभी राहिली. पोरीच्या वयात जिन्याखाली उभी होती, तशीच. लताबाई दार उघडून बाहेर गेल्या. बाहेर जाऊन हसल्या आणि मुलींना म्हणाल्या, जुन्या ओळखीच्या निघाल्या की मावशी, जाऊ द्या, म्हाताऱ्यांच्या गोष्टी त्या. मग मृण्मयीला चप्पल घाल म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्पाच्या फोनवर मृण्मयीचा निरोप आला, मेस नको, आजी दुसरीकडं लावतेय. दुपारपर्यंत दोन आयांचे फोन आले. मुलींनी घरी सांगितलं होतं. तुमच्या सासूबाईंचं पूर्वी काही प्रकरण होतं का, असं त्यांनी अगदी आदरानं विचारलं. त्यांच्याही मुली बंद झाल्या. शिल्पा रडकुंडीला आली. आई, कशाला बोललात, कोण विचारत होतं, असं ती सासूला पोळ्या लाटता लाटता पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. भुजंग जेवायला आला तेव्हा खाली बघून जेवला. उठताना त्यानं एकच विचारलं, हे बाबांना ठाऊक होतं का. हो, सिंधु म्हणाली. त्यानं मान हलवली आणि मिलवर निघून गेला. खरं काय होतं, हे त्यानं विचारलं नाही.

एका मुलीनं विचारलं. धम्मप्रिया तिचं नाव, उदगीरची, जेवून झालं की आपलं ताट आपण घासणारी. सगळ्या गेल्यावर ती मोरीपाशी थांबली आणि म्हणाली, मावशी, त्या बाई तुम्हाला काय म्हणाल्या होत्या? सिंधूनं सांगितलं. पाटा, पुरण, गप बस, फुली मारू नको, सगळं सांगितलं. अंगणातलं सांगितलं. बसमधलंसुद्धा सांगितलं. धम्मप्रियानं मन लावून ऐकलं. ताट उपडं घातलं, हात पुसले, थोडा विचार केला.

"पण मावशी," ती म्हणाली, "तुम्ही मारायची ना फुली. कुणी काही म्हणो. तुम्ही का ऐकलं त्यांचं?"

वाईट मनानं विचारलं नव्हतं तिनं. उत्तराची वाट पाहिली, मग क्लासची वेळ झाली म्हणून सॅक उचलून गेली.

सिंधूनं मोरी धुतली. पाच वाजून गेले होते आणि रात्रीला बारा मुली जेवायला होत्या. तिनं दाराच्या खुंटीची पिशवी काढली. गंजगोलाईच्या बाजारातून चार जुड्या मेथी आणि दोन किलो बटाटे आणायचे होते.